मधला माणूस

भाकरीचा तुकडा मोडता मोडता राजशेखर सहज बोलावं तसं बोलला, "माझी गाडी गल्लीत वळली की पोटातलं लेकरू बी गप्प होतं म्हणं तुझं?"

शैलश्री पुंडीची भाजी वाढत होती. पळी तिच्या हातात तशीच राहिली. समोर बसलेल्या सासूबाई, गौरम्मा, घास चघळायच्या थांबल्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

"वाढ की. थांबलीस कामून?" राजशेखर हसला. त्याला राग आला की तो ओरडायचा नाही, हसायचा. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी त्या हसण्याची सवय तिला झाली नव्हती.

तिनं भाजी वाढली. पळी ताटाच्या काठाला लागून खणखणली.

ते वाक्य तिचंच होतं. शब्दाला शब्द. गेल्या आठवड्यात दुपारी तिनं ते मोबाईलवर टाइप केलं होतं. उदगीरच्या एका बायकांच्या संस्थेची वेबसाइट होती. घरात ज्यांना मार आहे, धाक आहे, अशा बायका तिथं लिहायच्या आणि पलीकडून कुणीतरी उत्तर द्यायचं. भालकीच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या संडासाच्या दारामागं त्या साइटचं नाव चिकटवलेलं तिनं पाहिलं होतं. कागद घ्यायची हिंमत नव्हती, म्हणून नाव तोंडपाठ करून आली होती. राजशेखर दुकानात असायचा, सासूबाई जेवून आडव्या व्हायच्या, तेवढ्या वेळात ती लिहायची आणि लिहून झालं की पुसून टाकायची. फोन त्यानं उघडून पाहिला असता तरी त्यात काही सापडलं नसतं.

मग त्याला कळलं कसं?

तो हात धुवून, टॉवेलनं बोटं एकेक करून पुसून, तिच्या मनगटावर हात ठेवून उभा राहिला. चार दिवसांपूर्वी पिरगाळलेलं तेच मनगट. "तब्येतीला जप. डॉक्टरनं आराम सांगितलाय," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

राजशेखरला भालकीत सगळे नेटवाला राजशेखर म्हणत. आधी केबल टीव्ही होती, मग त्याच खांबांवरून त्यानं इंटरनेटच्या तारा नेल्या. भुसारवाल्यांची दुकानं, साखर कारखान्यातल्या बाबूंची घरं, शिकवणीचे वर्ग, सगळीकडं त्याचंच कनेक्शन. बसवजयंतीच्या मिरवणुकीत तो पुढं असायचा, कुणाच्या घरी मयत झाली की पहिली खुर्ची त्याच्याकडून यायची. असला माणूस घरात बायकोचा हात पिरगाळतो म्हटलं असतं, तर गावानं शैलश्रीलाच वेड्यात काढलं असतं.

लग्नानंतर काही दिवसांतच त्यानं तिच्या सिमचा नेट बंद केला होता. "घरात वायफाय असताना डेटा कामून लागतो गं? फोन कर, घे, बास झालं." तिला ती काटकसर वाटली होती.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसून राहिली. मागचं एकेक आठवायला लागलं. मागं एकदा तिनं त्या साइटवर विचारलं होतं, भालकीहून उदगीरला सकाळच्या बशी कशा आहेत. दोन दिवसांनी राजशेखर दाढी करता करता म्हणाला होता, "उदगीरला जायचं असलं तर बशीची चौकशी कामून? मी सोडतो की." तेव्हा तिनं मनाची समजूत घातली होती, की सहज बोलला असेल. आता तसं म्हणता येईना.

उदगीरचं आणि हे लेकराचं वाक्य, दोन्ही तिनं आणखी एकीला सांगितलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीला, दानेश्वरीला. फोनवर, रडता रडता. दानेश्वरी जवळच्याच मुडबी गावात दिलेली होती. तिचा नवरा किरणकुमार शेती करायचाच, पण मुडबीकडच्या तारा ओढायचं कामही त्याला राजशेखरनंच दिलेलं होतं.

एवढं मनात आलं. तिनं लगेच फोन लावला.

"अक्का, तू किरणभावजींना काय काय सांगितलीस?"

"कशाचं गं?"

"माझं. मी तुला बोल्लेलं. यांना सगळं कळलंय. माझ्या तोंडचं वाक्य मला जेवताना म्हणून दाखवले."

"शैला, आईची आण. मी कुणापाशी तोंड उघडलं न्हाई."

"मग काय भिंतीनं सांगितलं? भावजीचं काम यांच्या हातात हाय, म्हणून तू मला विकलीस."

 दानेश्वरी म्हणाली, "तू घाबरलीस म्हणून बोलायलीस. मी मनावर घेत न्हाई." पण तिचा आवाज चिरला होता. शैलश्रीनं फोन ठेवला, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आता या जगात बोलायला तिला कुणीच उरलं नाही.

पुढचे दिवस ती घरात चोरासारखी वावरली. फोनला हात लावायचीच भीती. हॉलच्या कोपऱ्यात वर पांढरा डबा होता, वायफायचा, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत असायचे. त्याच्याखालून जाताना ती पदर सावरायची, जणू कुणी बघतंय. सासूबाईंशी बोलावं तर त्या पोराच्या माघारीही हळू आवाजातच बोलत. एकदा न राहवून तिनं विचारलं, "अत्ती, यांना कसं कळतं सगळं?" गौरम्मांनी गळ्यातल्या लिंगाच्या चौक्याला, त्या चांदीच्या डबीला, हात लावला आणि एवढंच म्हणाल्या, "त्याला ल्हानपणापास्नं कळतं. त्याच्या बापाला बी कळायचं."

सोमवारी दवाखान्यात तपासणी होती. तिथं राजशेखर तिला एकटीला जाऊ द्यायचा. दवाखाना घरापासून जवळ होता, आणि बायकांच्या गर्दीत थांबायचा त्याला कंटाळा. चन्नम्मा नावाच्या सिस्टर होत्या तिथं, पन्नाशीच्या, औरादकडच्या. रक्तदाब मोजायला त्यांनी पट्टा गुंडाळला, आणि मनगटावरचा पिवळा पडत चाललेला डाग बघून पट्टा सोडून दिला.

"हे काय वो?"

"पडले."

"बोटं उमटलीत, अक्का. पडल्यावर बोटं उमटत न्हाईत."

 चन्नम्मांनी दार लोटलं, पडदा ओढला. मग मात्र सगळं बाहेर आलं, घाईघाईनं, तुटक तुटक. संडासाच्या दारामागचं ते नाव, दुपारचं लिहिणं, जेवतानाचं ते वाक्य. चन्नम्मांनी मधे काहीच विचारलं नाही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ते स्टिकर मीच लावले की. थांबा." आणि आपल्या फोनवरून त्यांनी उदगीरला लावला. "स्नेहल, इथं एक बाई हाय. तूच बोल."

स्नेहल म्हणजेच तिकडून उत्तरं देणारी. आवाज तरुण, पण ठाम. तिनं आधी पोटातल्या बाळाचं विचारलं, मग जेवण होतं का ते विचारलं. मग म्हणाली, "ताई, आमच्याकडून एक अक्षरही बाहेर जात नाही. पण तुम्ही म्हणता ते वाक्य शब्दाला शब्द होतं, म्हणजे कुणीतरी वाचलंच आहे. तुम्ही घरी साइट उघडता तेव्हा वर, नावाच्या अलीकडं, काय दिसतं?"

शैलश्रीनं डोळे मिटून आठवलं. "नॉट सिक्युअर असं काहीतरी येतं. मला वाटलं फोन जुना हाय म्हणून."

"सिस्टरच्या फोनवर उघडा बरं तेच."

चन्नम्मांनी उघडलं. तीच साइट, तोच निळा रंग, तीच बाईच्या हाताची खूण. पण वर ते दोन शब्द नव्हते.

ते ऐकून स्नेहलनं विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"नेटचं कनेक्शन देतात. भालकीत सगळीकडं."

"अरे देवा," स्नेहल म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती. आतापर्यंत शैलश्रीला वाटायचं, घाबरणारी आपण एकटीच.

मग स्नेहलनं समजावून सांगितलं. "बघा ताई, तुम्ही फोनवर नुसतं नाव टाकता. फोन आधी आमच्याकडं बंद लिफाफा पाठवायला बघतो. वाटेतल्या माणसानं तो रस्ताच अडवला, तर फोन म्हणतो, बरं, लिफाफा जात नाही तर पोस्टकार्ड पाठवू. आणि पोस्टकार्ड म्हटलं की वाटेतला कुणीही वाचणार. आमच्या साइटला लिफाफा होता हो, पण पोस्टकार्डाचीही मुभा होती. तिथंच घात झाला. तुमच्या मिस्टरांनी लिफाफ्याची वाट बंद केली आणि पोस्टकार्डं वाचत बसले."

"म्हणजे अक्कानं सांगितलं नव्हतं," शैलश्री स्वतःशीच पुटपुटली.

"कोण अक्का?"

 हुंदका दाबताना तिला ठसका लागला. चन्नम्मांनी पाणी दिलं.

स्नेहल पुढं म्हणाली, "तुमच्यासारखीच आणखी एक केस झाली म्हणून आम्ही नवीन नाव घेतलं आहे. त्याच्या शेवटी डॉट ॲप आहे. असल्या शेवटाच्या नावांना पोस्टकार्ड चालतच नाही. हे ब्राउझरला आधीपासून पाठ असतं, तुम्ही पहिल्यांदा उघडता तेव्हासुद्धा. जाईल तर लिफाफ्यानंच, नाहीतर जाणारच नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आत काय लिहिलं ते त्यांना दिसणार नाही, पण तुम्ही कुठल्या घरी गेलात, म्हणजे साइट कुठली, ते घराचं नाव दिसू शकतं. म्हणून आम्ही नाव भरतकामाचं ठेवलंय. वर टाके आहेत, नमुने आहेत. खालच्या लाल फुलावर बोट ठेवलं की आम्ही."

"आणि दुसरी?"

"कधी लाल पाटी आली, की तुमचं कनेक्शन खासगी नाही, तर घाबरू नका आणि फोनशी झटापटही करू नका. त्याचा अर्थ, मधे कुणीतरी आमचं सोंग घेऊन उभं आहे आणि फोननं त्याला दारातच ओळखलंय. एरवी अशा पाटीखाली 'तरीही पुढे जा' म्हणून वाट असते. इथं ती नसते. तुम्ही चुकून जायचं म्हटलं तरी जाता येणार नाही. आणि त्यांनी फोनमध्ये काही टाकायचंय, सर्टिफिकेट बसवायचंय असं म्हटलं, तर समजा की ते स्वतःचा शिक्का खरा करून घेतायत. मग त्या फोनवर कशाचाच भरवसा नाही. तसं झालं तर वाट बघू नका. निघा."

निघा. तो शब्द घेऊन शैलश्री घरी आली.

त्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दुपारी गौरम्मांचं घोरणं सुरू झाल्यावर तिनं ते नाव टाकलं. श्वास रोखून वर पाहिलं. ते दोन शब्द नव्हते. टाके उमटले, कसुती भरतकामातला रथ, गोपूर, मोर. खालच्या लाल फुलावर तिनं बोट ठेवलं आणि लिहिलं, "मी आले." थोड्या वेळानं उत्तर आलं, "आम्ही आहोत."

ती राजशेखरची वाट बघत राहिली. रात्री जेवताना तो काय म्हणतो, कुठलं वाक्य तिच्या ताटात टाकतो. तो उसाच्या ट्रॅक्टरनं तोडलेल्या तारेबद्दल बोलला, कारखान्याच्या धुराबद्दल बोलला. तिचं काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला बरं वाटायला पाहिजे होतं, पण भीती उलट वाढली. इतके दिवस तो तिला वाचत होता, तोवर त्याला तिची खबर होती. आता त्याच्या हातात काही लागत नव्हतं, आणि तो तिच्याकडं टक लावून बघायला लागला होता. भांडी घासताना पाठीवर ती नजर जाणवायची.

लिहिता लिहिता बेत ठरला. पुढच्या सोमवारी, तपासणीच्या दिवशी, स्नेहल गाडी घेऊन दवाखान्यात येणार. चन्नम्मा मागच्या दारानं बाहेर काढतील. तिथून उदगीर. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकारी बाईंना संस्था कळवून ठेवणार. "अक्काला सांगा," शैलश्रीनं लिहिलं होतं. "सांगा की तिची चूक न्हवती." रविवारी दुपारी पक्कं करायचं, गाडी कधी, कुठं.

शनिवारी राजशेखर लवकर घरी आला. खुर्चीत बसून पाय हलवत म्हणाला, "हल्ली भरतकाम लई करायलीस म्हणं."

 स्नेहलनं सांगितलेलं खरं होतं. घराचं नाव त्याला दिसलं होतं.

"बाळाची दुपटी शिवायची हायत," ती म्हणाली.

"दाव की मग. एक बी शिवलेलं दिसलं न्हाई मला."

गौरम्मा देवघरातून बाहेर आल्या. हातात पांढरं फडकं होतं, त्यावर लाल दोऱ्याचा वेडावाकडा मोर. "हे बघ. मी शिकवायलीय तिला," त्या म्हणाल्या. राजशेखरनं फडकं उलटसुलट करून पाहिलं आणि मांडीवर टाकलं. सासूबाईंनी हे कधी काढलं, कशासाठी काढलं, शैलश्रीला माहीत नव्हतं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, पण त्या खाली बघत परत देवघरात गेल्या.

रविवारी तो दुकानात गेला. दुपार झाली, घर शांत झालं. तिनं नाव टाकलं.

पडदा उजळला आणि लाल त्रिकोण समोर आला. तुमचं कनेक्शन खासगी नाही. कुणीतरी तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतं.

 तिनं मागं जाऊन पुन्हा टाकलं. पुन्हा तीच पाटी. खाली बघितलं, पुढं जायची वाट कुठंच नव्हती. गाडी कधी येणार, येणार की नाही, काही कळणार नव्हतं. दार बंद होतं. त्याच्यासाठी बंद होतं, पण तीही बाहेरच राहिली होती.

"उघडत न्हाई व्हय?"

राजशेखर दारात उभा होता. गाडीचा आवाज आला नव्हता. गल्लीच्या तोंडालाच बंद करून तो चालत आला होता.

त्यानं फोन तिच्या हातातून अलगद काढून घेतला. अंगठ्यानं पाटी वर सारली, खाली सारली. तपशिलावर दाबलं. परत आला. पुन्हा दाबलं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. भालकीतल्या सगळ्या तारा ज्याच्या बोटावर, त्याला एक दार उघडेना. तो हसत नव्हता, आणि रागातलं त्याचं न हसणं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. ते जास्त भयंकर होतं.

"भरतकामाला एवढं कुलूप?" तो हळूच म्हणाला. "फोन राहू दे माझ्याकडं. एक सर्टिफिकेट टाकावं लागतं यात, उद्या टाकतो. मग सगळं उघडतंय."

"उद्या दवाखाना हाय," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी येतो की उद्या. मला बी बघू दे लेकरू."

सकाळी ती त्याच्या गाडीवर मागं बसली तेव्हा तिच्याकडं फक्त तपासणीची फाईल होती. काही घ्यावं तर तो विचारणार. गौरम्मा उंबऱ्यात उभ्या होत्या. नेहमी त्या दारात यायच्या नाहीत. "हळू ने रे," एवढंच त्या लेकाला म्हणाल्या.

दवाखान्याच्या आवारात तिनं गाड्या शोधल्या. एक पांढरी जीप होती, एक रुग्णवाहिका, बाकी मोटारसायकली. कुठली तिची, तिला कळेना. राजशेखर तिच्या दंडाला धरून आत आला, थेट तपासणीच्या खोलीच्या दारापर्यंत.

चन्नम्मा दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तुमी बाहेर बसा."

"मी नवरा हाय तिचा."

"म्हणूनच म्हणायलेव बाहेर. आत बायका उघड्या पडल्यात. इथं कलेक्टर आला तरी बाहेरच बसतो." बाकावरच्या बायका हसल्या. चारचौघांत हसं झालेलं राजशेखरला चालायचं नाही. तो बाकावर बसला आणि खिशातून फोन काढला. शैलश्रीचा.

दार लागलं. आत खाटेजवळ जीन्स घातलेली, केस आखूड कापलेली एक मुलगी उभी होती.

"मी स्नेहल," ती म्हणाली. "काल तुमचं काही आलं नाही, तेव्हाच समजलं. म्हणून पहाटेच निघालो."

शैलश्रीला तिला मिठी मारायची होती, पण चन्नम्मांनी थांबू दिलं नाही. खोलीच्या मागं औषधांची खोली, तिच्या मागं बोळ, बोळातून आवाराच्या कडेनं चालत फाटक. त्या कडेवरून राजशेखर बसला होता तो व्हरांडा दिसत होता. म्हणजे व्हरांड्यातूनही ती कड दिसत होती. चन्नम्मांनी तिच्या डोक्यावरून एक पांढरी चादर ओढली, बाळंतिणीला ओढतात तशी, आणि कमरेला हात घालून चालवत नेलं.

"पळू नका. बाळंतीण पळत न्हाई," त्या कानात म्हणाल्या.

चादरीच्या फटीतून तिला तो दिसला. मान खाली घालून फोनवर बोट सरकवत होता. त्यानं मान वर केली. थेट त्यांच्याकडं बघितलं. चन्नम्मा कन्नडमध्ये मोठ्यानं कुणावर तरी ओरडल्या, वाट सोडा म्हणून. त्यानं पुन्हा फोनकडं मान वळवली.

पांढऱ्या जीपचं दार उघडलं. आत दानेश्वरी बसली होती.

 दानेश्वरीनं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, खाली, खिडकीच्या खाली, आणि वरून पदर टाकला. गाडी सुटली. बाजारातला गलका, भोंगे, मग गाडी अचानक थांबली.

"रेल्वे गेट पडलंय," ड्रायव्हर म्हणाला.

पदराखाली शैलश्री पडून राहिली. मागून मोटारसायकल आली. जवळ आली. गाडीच्या शेजारी येऊन थांबली. राजशेखरच्या गाडीसारखाच आवाज, तसंच घुरघुरणं. पोटातल्या बाळानं लाथ मारली. दानेश्वरीचा हात तिच्या तोंडावर होता. कुणीतरी काचेवर टकटक केलं.

"अण्णा, उदगीरकडं हाच रस्ता ना?" एक अनोळखी आवाज.

"हाच," ड्रायव्हर म्हणाला. रेल्वे धडधडत गेली, गेट उठलं, आणि जीप निघाली. कर्नाटकाची हद्द कधी सरली ते शैलश्रीला कळलं नाही. ती मांडीवरून उठली तेव्हा दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या होत्या.

"अक्का, मी तुला काय काय बोल्ले," ती म्हणाली.

"बोल्लीस खरं," दानेश्वरी म्हणाली. तिनं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि बहिणीचा हातही सोडला नाही.

संरक्षण अधिकारी बाईंच्या मदतीनं बिदरला तक्रार झाली. पोलिसांनी राजशेखरच्या दुकानातले डबे, कॉम्प्युटर उचलून नेले. मग भालकीला भीती म्हणजे काय ते कळलं. तो केवळ बायकोचंच नव्हे, आणखी कुणाकुणाचं वाचत होता, याच्या कुजबुजी सुरू झाल्या. आडत्यांना आपले सौदे आठवले, शिकवणीतल्या पोरींना आपल्या गप्पा आठवल्या. ज्यांनी शैलश्रीला नावं ठेवली होती त्यांनीच आधी तारा तोडल्या. किरणकुमारचं काम गेलं. तो दोन महिने शैलश्रीशी बोलला नाही, मग एक दिवस शेतातल्या शेंगा घेऊन संस्थेच्या दारात येऊन उभा राहिला.

शैलश्रीला मुलगी झाली. भीती गेली असं म्हणता येत नव्हतं. बाहेर गाडी थांबली की ती अजून खिडकीपासून लांब सरकायची. राजशेखर जामिनावर सुटल्याचं कळलं त्या दिवशी तिनं बाळाला पाळण्यात टाकलंच नाही, दिवसभर काखेत घेऊन फिरली.

संध्याकाळी तिचा नवा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं उचलला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा, भेटायला आलेल्या दानेश्वरीनं उचलून तिच्या कानाला लावला.

"शैला," पलीकडून दबका आवाज आला. "मी गौरम्मा. शेजारच्या लिंगम्माच्या फोनवरून बोलायलेव. नंबर चन्नम्मा सिस्टरकडून घेतला. तो घरी आलाय. तवा ते मोराचं फडकं कामून दावलीस म्हणून विचारायलाय मला. रोज विचारायलाय." मग आवाज आणखी खाली गेला. "पोरी, मी बी येऊ का तिकडं?"

  त्याची आई इथं आली तर तो मागं येईल, हे शैलश्रीला स्पष्ट दिसत होतं. तिनं काखेतल्या लेकीकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं.

"अत्ती," ती म्हणाली, "तुमी लिंगम्माच्याच घरात ऱ्हावा. बाहेर निघू नका. चन्नम्मा सिस्टर येतील न्यायला. मी आत्ता त्यास्नी फोन लावते."